करजणला थांबा नाही

मला किळस लवकर येते. लहानपणी दुधावरची साय ओठाला लागली तरी मी दिवसभर तोंड धूत असे. आता साठी उलटली, तरी लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस बोटं चाटायला लागला की माझं जेवण तिथेच संपतं. बायको म्हणते, तुम्हाला देवाने नाक जरा जास्तच दिलंय. मी तिला सांगतो की नाक सगळ्यांना सारखंच असतं, बाकीचे लोक ते वापरत नाहीत.

त्यामुळे धाकट्या भावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली ती यादी वाचून माझं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. डिसेंबरच्या अखेरीला आम्ही बडोद्याहून दक्षिणेकडे, साताऱ्याच्या पुढे असलेल्या आईच्या माहेरी, गाडीने जायचं ठरवत होतो. यादीच्या डोक्यावर त्याने 'थांबे' असं लिहिलं होतं. करजणला चहा आणि भज्यांसारखे मेथीचे गोटे. भरूचला खारे दाणे, तिकडची खारी शिंग. अंकलेश्वर सोडल्यावर उसाचा रस. कामरेजला पोंक, म्हणजे सुरतेकडचा कोवळ्या ज्वारीचा हुरडा, त्यावर लिंबू-मिरीची शेव. नवसारीला नाश्ता. वलसाडला उंबाडियुं, म्हणजे मडक्यात पाला भरून भाजलेले कंद आणि पापडी. असं करत करत पुण्यापर्यंत अकरा थांबे, आणि त्यातले दहा खाण्याचे. अकरावा डहाणूकडचे चिकू विकत घेण्याचा होता, म्हणजे तोही खाण्याचाच.

मी लगेच फोन लावला. भाऊ बडोद्यातच, निजामपुऱ्यात राहतो, एका कारखान्यात आहे, आणि गेल्याच वर्षी त्याने सात सीटची नवी गाडी घेतलीय.

"अरे, आपण आईला मावशीकडे नेतोय की तुझ्या पोटाची यात्रा काढलीय?"

"दादा, शांति राख ने! डिसेंबरमध्ये पोंक न खाता सुरत ओलांडली तर पाप लागतं. आणि गाडी मी चालवणार, तुला बसायचंच आहे ने?"

"रस्त्यावरच्या मडक्यातलं मी खाणार नाही. कुणाच्या हाताने भरतात, ते हात कुठे पुसतात, काय ठाऊक."

"तू नको खाऊस. तू डबा उघड अने बस."

मी फोन ठेवला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्याच्या गाडीची मला तशीही शिसारी होती. वर्ष झालं तरी मधल्या सीटवर याने प्लास्टिक घालून ठेवलेलं. दिवाळीत पाहिलं तर त्यावर आणखी एक जाड कव्हर चढवलेलं. बसलं की घाम फुटतो आणि उठताना चर्रकन आवाज येतो. इतका जीव वस्तूवर असू नये माणसाचा, असं मी बायकोजवळ बोललोही होतो.

आता मावशीचं सांगतो, कारण सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. आई त्र्याऐंशीची, आणि तिची ही थोरली बहीण, माहेरच्याच गावात दिलेली, नव्वदीला टेकलेली. दोघींची भेट होऊन अकरा वर्षं झाली होती. दर रविवारी फोन होतो, पण दोघींनाही ऐकू येत नाही. आई विचारते, "गुडघा कसाय?" तिकडून उत्तर येतं, "हो, यंदा घेवडा बरा आला." आई म्हणते, "औषध सोडू नकोस." मावशी म्हणते, "कोण गेलं?" शेवटी दोघी एकदमच "ये एकदा, ये एकदा" म्हणायला लागतात. तेवढं मात्र दोघींना नक्की कळत असावं, कारण त्यानंतर आई फोन ठेवते आणि पदराने तो पुसून जागेवर ठेवते. या दिवाळीनंतर मावशीने अंथरूण धरलं. तिच्या सुनेने मला वेगळा फोन करून सांगितलं, आणायचं असेल तर आता आणा, पुढच्या हिवाळ्याची वाट बघू नका.

रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाने गाडीने का जावं, असं कुणीही विचारेल. आईला डब्याच्या पायऱ्या चढवत नाहीत, प्लॅटफॉर्मचे जिने त्याहून नाहीत, आणि स्टेशनावर उतरून पुढे गावापर्यंत जीपचे हाल आहेतच. म्हणून भावाची गाडी. पण त्याच्या हाती आखणी दिली असती तर आम्ही शिमग्याला पोचलो असतो. मी पस्तीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोलमध्ये होतो. कुठली गाडी कुठे थांबवायची, कुठली न थांबवता थ्रू काढायची, कुणामुळे कुणाला किती मिनिटं बसतात, हेच माझं काम. अकरा थांबे असलेली गाडी माझ्या लेखी पॅसेंजर, आणि पॅसेंजर गाडीला आमच्याकडे कुणी विचारत नाही.

मी तक्ता करायला घेतला.

आमच्या घरात तक्त्याला मान आहे, हे इथे सांगायला हवं. वडील गार्ड होते. त्यांची एक गोष्ट दर दिवाळीला फराळासोबत व्हायची. मी चार वर्षांचा असताना आई मला घेऊन माहेरी निघाली होती, आणि योगायोगाने त्याच गाडीवर वडिलांची ड्यूटी होती. एका स्टेशनवर आई फिरकीचा तांब्या भरायला मला कडेवर घेऊन उतरली. नळाला रांग होती. वेळ झाली, सिग्नल पडला, वडिलांनी बायको-पोराकडे बघत बघत हिरवा बावटा दाखवला. आई धावली, तांब्या तिथेच राहिला, आणि कुणीतरी हात देऊन शेवटच्या डब्यात आम्हाला ओढून घेतलं. "गाडी कुणासाठी थांबत नाही," असं म्हणून वडील गोष्ट संपवायचे. सगळे हसायचे. आईही हसायची. वडील गेल्यावर ती गोष्ट मी सांगायला लागलो, तितक्याच अभिमानाने.

तर तक्ता. तो करण्याआधी मी पाहणी करायची ठरवली. एका रविवारी सकाळी बायकोला घेऊन आमच्या जुन्या गाडीने निघालो, ते कामरेजपर्यंत. भावाच्या यादीतल्या प्रत्येक जागी मी थांबलो, आणि खाण्याकडे ढुंकूनही न बघता थेट मागच्या बाजूला गेलो.

जे पाहिलं ते लिहितोच. एका ठिकाणी दाराला कडी नव्हती, तिच्या जागी सुतळी होती, आणि ती सुतळी अनेकांच्या ओल्या हातांनी काळी, चिकट झाली होती. दुसरीकडे बादलीत विडीचं थोटूक तरंगत होतं आणि त्याच बादलीत मग बुचकळून लोक पाणी घेत होते. बेसिनमध्ये मावा थुंकलेला. लादीवर पाणी, त्यात चिखलाच्या बुटांचे ठसे, आणि ते पाणी नुसतं पाणीच आहे असं मानायला मी तयार नव्हतो. एका नव्या, चकचकीत ठिकाणी बाहेर झाडांच्या कुंड्या, आत डांबराच्या गोळ्यांचा ढीग. घाण काढायची नाही, तिच्यावर वास टाकायचा, ही आपल्या लोकांची स्वच्छतेची कल्पना. मी श्वास रोखून आत जायचो आणि बाहेर येऊन वहीत फुली मारायचो. भरूचपर्यंत माझा चेहरा असा झाला होता की शिंगवाल्याने मला सोडा देऊ केला.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही पुरुषांचं बघताय. आईंना बायकांच्यात जायचंय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग पुढच्या ठिकाणी ती आत गेली. दोन मिनिटांत बाहेर आली.

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे?"

"म्हणजे दोन मग पाणी टाकलं की होतं. बायका जन्मभर तेच करतात."

मला तिच्या 'ठीक आहे'चा भरवसा वाटेना. जी बाई भाजीवाल्याच्या हातातली कोथिंबीर तशीच पिशवीत टाकते, तिचं प्रमाणपत्र किती धरायचं? मी सगळ्यांवर फुली मारली. कामरेजच्या जरा पुढे एका मोठ्या हॉटेलात मात्र लादी कोरडी होती, कडी होती, साबण खिळ्याला टांगलेला नव्हता. तिथे मी बरोबरची खूण केली आणि समाधानाने परत फिरलो.

घरी येऊन तक्ता पूर्ण केला. बडोदे सुटणे सहा वाजता. करजण, थांबा नाही. भरूच, थांबा नाही. अंकलेश्वर, थांबा नाही. कामरेज आठ दहाला, दहा मिनिटं. पुढची वाट पाहिलेली नव्हती, म्हणून तिथल्या मोठ्या हॉटेलांची चौकशी फोनवरून केली. वापी सव्वादहाला, दहा मिनिटं. मग पुढे एक जेवणाचा, आणि संध्याकाळी पुणे, मुक्काम. दुसऱ्या दिवशी मावशी. भावाचे अकरा थांबे मी तिनावर आणले होते, आणि तिन्ही स्वच्छ.

रात्री जेवताना मी तो सगळ्यांना वाचून दाखवला. भाऊ आणि त्याची बायकोही आले होते. भाऊ म्हणाला, "सवा दोन तास एकदम? दादा, जरा एक करजण तरी राहू दे."

"कशाला? गोटे खायला?"

तो काहीतरी बोलणार होता, पण त्याने आईकडे पाहिलं आणि गप्प बसला. मला वाटलं, ओशाळला.

"प्रत्येकाला मनाला येईल तिथे उतरायचं असेल तर मग गाडी लेट होणारच," मी म्हणालो. "गाडी कुणासाठी थांबत नाही."

आई हसली. म्हणाली, "अगदी यांच्यासारखा बोलतो." मग म्हणाली, "मला एक कागद दे रे याचा. देवापाशी ठेवते." मला काय आनंद झाला! मी दुसऱ्या दिवशी ठळक अक्षरांत वेगळी प्रत काढून आणून दिली. एक फ्रिजवर लावली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी घरात वास यायला लागला.

पुढच्या खोलीत, सकाळी. मी आणि बायको पहाटे कमाटीबागेत फिरायला जातो, साडेसात-पावणेआठला परत येतो. दार उघडलं की तो वास नाकात शिरायचा, आंबूस, उग्र. मी आधी ढोकळ्याच्या पिठाला दोष दिला. मग फरशी पुसायच्या फडक्याला. बायकोने फडकं उकळून काढलं. मग मी मोरीची जाळी उचलून बघितली. प्लंबरला बोलावला, तो म्हणाला, "साहेब, लाइन एकदम क्लिअर छे." मला त्याचाच राग आला, पैसे घेऊन नाक शेजारच्या घरी ठेवून येतात हे लोक. अगरबत्त्या लावल्या. फवारे मारले. मग तर तो वास आणि गुलाब एकत्र यायला लागले, आणि मला त्या डांबराच्या गोळ्यांची आठवण झाली.

आई त्या वेळी खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली असायची. थंडीत ती तिथे उन्हाला बसते, त्यात नवल नव्हतं.

"शी! हे घर आहे की हायवेवरचा संडास?" एका सकाळी मी ओरडलोच. "कुणीतरी इथे घाण करतंय. वरच्या मजल्यावरचं ते मांजर असणार. एकदा हाताला लागू दे."

"मांजरच असेल," आई म्हणाली.

ते मांजर बिचारं त्यानंतर मला बघून जिन्यावरूनच पळायचं.

निघायला आठवडा राहिला होता. त्या दिवशी बागेच्या फाटकापाशी पोचल्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बायको मैत्रिणींबरोबर पुढे गेली, मी रिक्षा करून परत आलो. सात वाजत आले होते. लॅचने दार उघडलं.

आई खुर्चीत बसली होती. पण उन्हाला बसतात तशी नाही. ताठ. अंगावर बाहेर जायची साडी, पायात चपला, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पुढे भिंतीवरचं घड्याळ, आणि नजर त्या घड्याळावर.

"आई? कुठे निघालीस?"

तिने मान वळवली नाही. "भरूच गेलं आत्ता," ती म्हणाली. "पूल ओलांडला."

मला वाटलं, संपलं, आईचं डोकं गेलं. आणि मावशीची भेट राहिली. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, तिचे हात धरले. हात तापलेले होते.

"आई, तू घरी आहेस. बडोद्याला. बघ माझ्याकडे."

"माहितीय मला," ती चिडून म्हणाली. "मला काय वेड लागलंय? आठ दहाला कामरेज. अजून तासभर आहे. बोलू नकोस तू. बोललं की लागते."

मग मला तिच्या पर्सखालचा कागद दिसला. देवापाशी ठेवायला म्हणून मागून घेतलेला माझा तक्ता. कामरेजच्या ओळीपुढे पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, रोजची एक. फुली, फुली, फुली, बरोबर, फुली, फुली, बरोबर. माझ्याच वहीत असतात तशा. आणि शेवटच्या फुलीपुढे तिच्या सातवी पास अक्षरात लिहिलं होतं, 'पाणी आदल्या रात्रीच बंद'.

मग ती उठायला गेली आणि तोल जाऊन माझ्या अंगावर आली. तेव्हा तो वास आला. माझ्या मोठ्या नाकाला आठ दिवस जो सापडला नव्हता, तो खुर्चीच्या उशीत होता, तिच्या साडीत होता. ती माझ्या खांद्याशी तोंड नेऊन म्हणाली, "आज होत होतं रे. तू आलास म्हणून राहिलं."

दवाखान्यात तिला चार दिवस ठेवलं. लघवीला संसर्ग झालेला, अंगातलं पाणी कमी झालेलं. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला व्हरांड्यात उभं करून विचारलं, "आजी पाणी अजिबात पीत नाहीत. तुमच्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मी म्हणालो, नाही आलं. हे सांगताना मला स्वतःची जेवढी घाण वाटली तेवढी मला त्या सुतळीची, त्या बादलीची, कशाचीच वाटली नव्हती. बादलीतलं थोटूक दिसलं होतं. आईचा न प्यायलेला चहा रोज समोर असून दिसला नव्हता.

भाऊ आला तो सरळ माझ्या अंगावर आला. एरवी तो मला उलट बोलत नाही.

"तुला काय वाटलं दादा, मला दर चाळीस मिनिटांनी भूक लागते? राक्षस छूं हुं?"

मी खोलीचं दार ओढून घेतलं, पण तो थांबला नाही.

"सावली गावाला लग्नाला नेली होती ने तिला दिवाळीआधी? तू नव्हतास. येताना गाडीत झालं तिला. तासाभराचा रस्ता, पण नाही धरवलं. काय रडली माहितीये? माझ्या बायकोला म्हणाली, मी आता कुठे जाणार नाही, बहिणीकडेही नाही. मग हिने डोकं लावलं. म्हणाली, आपण खायच्या नावाने थांबत जाऊ. आईंना वाटेल यांचंच पोट खोटं आहे. ती सीट मी धुतली दोनदा. कव्हर घातलं. कुणाला बोललो नाही, तुलाही नाही. तिने शपथ घातली होती. म्हणाली, थोरल्याला किळस येते."

थोरल्याला किळस येते. एवढं बोलून तो खाली चहा प्यायला निघून गेला, आणि मी तिथेच बाकावर बसलो. आयुष्यभर मी माझ्या नाकाचा डांगोरा पिटला होता. आमच्या घरात कुणाचं ताट कुठे ठेवायचं, कुणी माझ्यासमोर शिंकायचं नाही, हे सगळं त्या नाकाच्या हिशोबाने चालायचं. त्या नाकाला भिऊन माझी आई दोन-दोन तास खुर्चीत बसून सराव करत होती, आणि ओली साडी शालीखाली झाकून आमच्यासमोर बसून राहत होती. वडिलांनी तरी गाडीचा बावटा दाखवला होता, हजार माणसं बसलेली होती तिच्यात. माझ्या गाडीत बसायला होतं कोण? तिचीच दोन मुलं आणि दोन सुना.

संध्याकाळी मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो तेव्हा तिने डोळे उघडले.

"मावशीला सांगू नको हं," ती म्हणाली. "मी धाकटी आहे तिची. तिने मला न्हाऊ-माखू घातलंय. तिला वाटेल, ही तर माझ्याआधी म्हातारी झाली."

"नाही सांगत."

"आणि तुझा तो कागद. मी बिघडवला."

"मीच बिघडवला तो, आई."

तिने ऐकलं की नाही, ठाऊक नाही. मी पाण्याचं भांडं तिच्यापुढे धरलं.

घरी जाऊन मी ती वेताची खुर्ची मागच्या अंगणात नेली. बायको म्हणाली, ठेवा, मी करते. मी नको म्हणालो. उशी साबणाच्या पाण्यात घालून हातांनी चोळली. मला किळस आली नाही असं मी लिहिणार नाही. आली. दोनदा थांबावं लागलं. पण थांबून पुन्हा हात घालता येतो, एवढं साठ वर्षांत पहिल्यांदा कळलं.

आम्ही निघालो ते जानेवारीच्या शेवटी. मधल्या दिवसांत दर रविवारी मावशीच्या सुनेचा फोन वाजला की तो आईच्या आधी मी उचलायचो. आई त्या काळात फोनवर दर वेळी एकच विचारायची, "आहेस ना गं?" आणि तिकडून मावशी घेवड्याचं सांगायची.

फ्रिजवर भावाची यादी लावली होती. सातला निघालो. करजणला गाडी थांबली तेव्हा आई म्हणाली, "मला नाही लागलेली."

"आम्हाला भूक लागलीय," भाऊ म्हणाला.

मी आधी उतरलो. डिकीत मी घरून बादली, ब्रश आणि फिनेलची बाटली घेतली होती. तिथल्या झाडूवाल्या बाईंना विचारून बायकांच्या बाजूला शिरलो, लादीवर पाणी मारलं, घासलं, पुन्हा पाणी मारलं. बाहेर आलो तर दोघी सुना आईला धरून उभ्या होत्या. आई माझ्या दुमडलेल्या पँटकडे आणि हातातल्या ब्रशकडे बघत राहिली.

"गाडी लेट होतेय," ती म्हणाली.

"सिग्नल नाही मिळाला अजून," मी म्हणालो. "जा तू सावकाश."

अकरा थांबे म्हणता म्हणता चौदा झाले. पोंक संपत आला होता, निबर आणि महाग, तरी भावाने घेतला. मी कुठेही काही खाल्लं नाही, खोटं कशाला सांगू. पण डबा उघडून सगळ्यांबरोबर बाकावर बसलो. आई वलसाडला दोन भांडी पाणी प्यायली. पुण्याला पोचायला रात्र झाली, दुसऱ्या दिवशीही सकाळची दुपार झाली, आणि गावात शिरलो तेव्हा मावशीची सून दारातच उभी होती.

मावशी खाटेवर उशांना टेकून बसवलेली होती. इतकीशी झाली होती. आईने तिच्याजवळ बसून तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, आणि मावशीने आईच्या केसांवरून हात फिरवला, मागून पुढे, वेणी घालायला घेतात तसा. दोघी काही बोलल्या नाहीत. बोलून तरी कुठे ऐकू येणार होतं.

मग मावशीने एकदम मोठ्याने विचारलं, "कालपासून वाट बघतेय! एवढा का गं उशीर? वाटेत तुझी तब्येत बिघडली का?"

आईचा हात मावशीच्या गालावरच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"माझी कशाला बिघडतेय!" ती ओरडून म्हणाली. "ही दोघं पोरं! नुसती खादाड! दर तासाला गाडी थांबवून खात होती!"

मावशी माझ्याकडे वळली. तिला मी लहानपणापासून ठाऊक होतो, साय काढून दूध पिणारा, कुणाच्या घरी पाणीही न घेणारा. तिने डोळे बारीक केले. "हा? हा खातो बाहेरचं?"

दारात सून, तिच्यामागे जमलेले शेजारी. आई माझ्याकडे बघत नव्हती, शालीच्या दशा सारख्या करत होती.

मी मावशीच्या कानाशी वाकलो.

"हो मावशी!" मी म्हणालो. तिने कानावर हात धरला, ऐकू आलं नव्हतं. म्हणून मी पुन्हा, सगळ्या आळीला जाईल अशा आवाजात ओरडलो, "हो! मला धरवतच नाही भूक!"

आईने शाल सोडली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.